पडीक ओपन स्पेसची पाऊसबाग: सातबाऱ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

आमच्या वसाहतीच्या मधोमध नऊ गुंठ्यांची एक जागा वर्षानुवर्षं पडून होती. कमरेएवढं गाजरगवत, सुबाभळीचं रान, आणि कोणाच्याही घराचं काम निघालं की रात्री येऊन पडणारा राडारोडा. त्याच वसाहतीत दर पावसाळ्यात दुसरा एक प्रश्न यायचा. आम्ही पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी राहतो. जोराची सर आली की वरचं सगळं पाणी रस्त्यावरून धावत खालच्या गल्लीतल्या तळमजल्यांत शिरायचं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहरात माणसं गेली, तेव्हा आमच्या खालच्या गल्लीतली कुटुंबं पहाटेपर्यंत वरच्या मजल्यांवर बसून होती. हे पाणी आपल्याच अंगणातून जातं, मग ते वाटेत थांबवता येईल का, असा विचार त्या रात्रीनंतर पहिल्यांदा झाला.

आज त्या नऊ गुंठ्यांत बाग आहे. मुलं खेळतात, म्हातारी माणसं बसतात, आणि पाऊस आला की बागेचा सखल भाग काही तासांपुरता तळं होतो. या सगळ्याला आम्हाला तीन वर्षं लागली. त्यातलं निदान दीड वर्ष काय आधी करायचं आणि काय नंतर हे माहीत नसल्यामुळे गेलं. तुमच्या भागात अशी जागा असेल आणि काहीतरी करावं असं मनात असेल, तर तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. आकडे आणि मातीचं वर्णन पुण्याचं आहे. कोकणात जांभा दगड आहे आणि पाऊस कितीतरी पट, विदर्भात खोल काळी माती. क्रम तोच ठेवा, आकडे आपले काढा.

१. जागा कोणाची, हे कागदावर बघा

"ती महापालिकेचीच आहे" असं सगळे सांगतात. आम्हालाही सगळ्यांनी सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवून थेट बागेचा अर्ज केला. सात महिन्यांनी कळलं की लेआउटच्या, म्हणजे भूखंडांच्या मांडणीच्या, नकाशावर ती ओपन स्पेस आहे, पण मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव आहे. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. चूक आमची होती, दोन कागद शेजारी ठेवून कोणी बघितलेच नव्हते.

शहरातल्या पडीक जागा साधारण चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार लेआउटमधली ओपन स्पेस. मोठ्या भूखंडाचा लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. तिच्यावर त्या लेआउटमधल्या रहिवाशांचा हक्क असतो, म्हणून इथे काम करणं सगळ्यात सोपं. दुसरा प्रकार अ‍ॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा, जी महापालिकेच्या ताब्यात गेलेली असू शकते किंवा नसूही शकते. तिसरा विकास आराखड्यातला आरक्षित भूखंड: बाग, शाळा, दवाखाना, जे आरक्षण असेल ते. आरक्षण शाळेचं असेल तर तिथे बागेसाठी जीव टाकू नका, उद्या शाळा झाली तर ती व्हायलाच हवी. चौथा प्रकार खाजगी किंवा वादातली जमीन. कोर्टात प्रकरण चालू असलेल्या जागेला हात लावू नका. कितीही मोक्याची असली तरी नाही.

आणखी एक गोष्ट बघायची, आणि ती बहुतेक जण बघत नाहीत: जागेतून ओढा किंवा नाला दाखवलेला आहे का? जुन्या नकाशात असतो, प्रत्यक्षात राडारोड्याखाली गाडलेला असतो. जागा नदीकाठी असेल तर पूररेषा बघा. आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत भराव घालायचा नाही, भिंत बांधायची नाही.

जमवायचे कागद असे:

- मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर सातबारा उतारा आणि आठ-अ
- मंजूर लेआउटचा नकाशा, सही-शिक्क्यासह
- झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा
- भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हद्दीच्या खुणांसह
- पावसाळी वाहिनी, ड्रेनेज, पिण्याच्या पाण्याची लाइन आणि भूमिगत वीज केबल कुठून जाते त्याचा नकाशा
- जागेवरच्या झाडांची यादी, फोटो आणि बुंध्याचा घेर
- आजूबाजूच्या सोसायट्यांचे ठराव

लेआउटचा नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सदर जागेबाबत सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. सर्व्हे नंबर, लेआउट मंजुरीचा अंदाजे काळ आणि हवा तो कागद नावानिशी मागा.

२. एक पूर्ण पावसाळा नुसतं पाणी बघा

कागद जमवायला वेळ लागतोच, तो पावसाळ्यात पडेल असं बघा. या टप्प्याला एक पैसा लागत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या कामातला हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे.

आम्ही चार जणींनी गल्ल्या वाटून घेतल्या होत्या. पाऊस जोरात सुरू झाला की छत्री आणि खडू घेऊन बाहेर. पाणी रस्त्यावर कुठून येतं, कुठल्या कोपऱ्यावर वळतं, कुठल्या गटाराच्या जाळीवर पालापाचोळा अडून ते उलटं फिरतं. पाणी भिंतीला जिथपर्यंत चढलं तिथे खडूची रेघ, शेजारी वेळ. शेजारच्या काकूंनी घराच्या पायरीवर मारलेल्या रेघा पुढे महापालिकेच्या अभियंत्याला दाखवल्या तेव्हा त्यांनी खिशातून टेप काढून त्या मोजल्या, आणि तिथून बैठकीचा सूरच बदलला. तोंडी तक्रार खूप वेळा ऐकलेली असते. खडूची रेघ मोजता येते.

सोबत गच्चीवर पर्जन्यमापक ठेवा. विकतचा नसला तरी सरळ बाजूंची काचेची बरणी आणि पट्टी चालते. बरणी वर-खाली सारख्या व्यासाची हवी, एवढंच. रोज सकाळी साडेआठला बरणीतलं पाणी मिलिमीटरमध्ये लिहायचं आणि ओतून टाकायचं. पुण्यात वर्षाचा सरासरी पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास आहे, पण आपल्याला त्रास देते ती वर्षाची सरासरी नव्हे. तासाभरात ४० मिलिमीटर कोसळतो, तो दिवस पकडायचा आहे. त्या दिवशी खडू कुठे पोचला, हे लिहून ठेवा.

एक सापळा इथेच सांगते. कोरड्या दिवशी पावसाळी गटारात पाणी वाहताना दिसलं तर ते पाणी पावसाचं नाही. कोणाचं तरी ड्रेनेज त्यात जोडलेलं आहे. ते जोड तुटेपर्यंत त्या गटाराचं पाणी बागेत आणायचं नाही, मुलं तिथे खेळणार आहेत. आमच्याकडे असे दोन जोड निघाले. ते काढून घ्यायला पुढचा सगळा हिवाळा गेला.

३. खड्डा खणा, पाणी ओता, घड्याळ लावा

बागेत साठलेलं पाणी जमिनीत मुरणार की चिखल करून बसणार, हे जमिनीखाली काय आहे त्यावर ठरतं. आपल्याकडची जमीन दख्खनच्या लाव्ह्याची. वर थोडी माती, मग मुरूम, मग खडक. खडकातही फरक असतो. विहिरी खणणारी जुनी माणसं ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ, कुजलेला खडक पाणी पितो. घट्ट काळा पाषाण, भेग नसेल तर, पाणी घेत नाही. दोन थरांच्या मध्ये तांबड्या गेरूचा पट्टा लागला तर तिथे बहुतेक वेळा पाणी अडतं. आमच्या जागेची गंमत अशी होती की वरचे तीन फूट जमीनच नव्हती, निव्वळ राडारोडा होता: विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, टाइल्स.

चाचणी घरच्या घरी होते. जागेत निदान तीन ठिकाणी, जिथे पाणी साठवायचा विचार आहे तिथेच, दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणा. भरावाच्या खाली जाऊन मूळ जमिनीत खणा. पहिल्या दिवशी खड्डा काठोकाठ भरा आणि सोडून द्या, कारण कोरडी माती अधाशासारखी पाणी पिते आणि आपली फसगत करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फूट पाणी भरा, मध्ये खुणा केलेली काठी रोवा, आणि दर अर्ध्या तासानं पातळी किती उतरली ते लिहा.

तासाला इंचभर म्हणजे साधारण २५ मिलिमीटर उतरत असेल तर जागा उत्तम. १२ मिलिमीटरपर्यंत काम चालतं. त्याहून कमी असेल, आणि काळ्या चोपण मातीत असतंच, तर मुरण्यावर भिस्त ठेवू नका. तिथे पाणी फक्त दोन-चार तास अडवून हळूहळू पावसाळी वाहिनीत सोडायचं. त्यानंही खालच्या गल्लीचा लोंढा कमी होतोच. आमच्या तीन खड्ड्यांपैकी दोन तासाला इंचभर उतरले. तिसरा, वरच्या कोपऱ्यातला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा. तिथे आता बाकं आहेत.

भूगर्भाचं नीट जाणून घ्यायचं असेल तर राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. पुण्यात अ‍ॅक्वाडॅमसारखी भूजलावरच काम करणारी संस्थाही आहे. परिसरातल्या जुन्या विहिरींची आणि बोअरची यादी घेऊन गेलात तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

४. पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढं एक सूत्र पाठ असलं की बाकीची शाळेतली गुणाकाराची गणितं आहेत. पडलेल्या पावसातलं किती वाहून येतं हे पृष्ठभागावर ठरतं: गच्चीवरून साधारण ८५ टक्के, डांबरी रस्त्यावरून ८० टक्के, मोकळ्या मातीवरून २५-३० टक्के.

आमचा हिशेब असा होता. पाऊस ४० मिलिमीटर धरला. दोन इमारतींच्या गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर: ९०० × ४० × ०.८५, म्हणजे ३०,६०० लिटर. आमच्याकडे उतरणारा रस्ता ६०० चौरस मीटर: ६०० × ४० × ०.८०, म्हणजे १९,२०० लिटर. झाले पन्नास हजार लिटर. दहा हजारांचे पाच टँकर, एका सरीत, खालच्या गल्लीवर. बागेच्या स्वतःच्या नऊ गुंठ्यांचं, म्हणजे ९१० चौरस मीटरचं, आणखी अकरा हजार. एकूण एकसष्ट हजार लिटर.

आता जागा. १६० चौरस मीटरचा सखल भाग, सरासरी २० सेंटिमीटर खोल: ३२ हजार लिटर. शेजारी तीस मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खडीचा चर. खडीत साधारण चाळीस टक्के पोकळी असते, म्हणून १२ हजार. दोन तासांत सखल भागातून मुरणारं ८ हजार. एकूण ५२ हजार. उरलेलं नऊ हजार लिटर ओव्हरफ्लोमधून पावसाळी वाहिनीत जातं, पण ते सगळ्यात शेवटी आणि सावकाश जातं. हे गणित वहीच्या एका पानावर मावतं आणि प्रत्येक बैठकीत ते पान उपयोगी पडतं. फक्त एक प्रामाणिकपणा ठेवा: शंभर मिलिमीटरच्या रात्री ही बाग भरून वाहणार, हे शेजाऱ्यांना आधीच सांगा. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात "काय उपयोग झाला?" हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं.

५. माणसं आणि परवानग्या

आधी शेजारी, मग अर्ज. जागेला लागून राहणाऱ्या प्रत्येक घरी जा. त्यांची भीती खरी असते: डास होतील, रात्री टोळकी बसतील, आमच्या गाड्या कुठे लावायच्या? आमच्याकडे पार्किंगचा विरोध सगळ्यात मोठा होता. तीन बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी एका बाजूला जाळीच्या ब्लॉकवर, ज्यांच्या मधून गवत उगवतं आणि पाणी मुरतं, सहा गाड्यांची जागा ठेवली. मला ते तेव्हा मान्य नव्हतं. आज वाटतं, त्या सहा गाड्यांमुळेच बाकीची बाग झाली.

जागेवर कचरा वेचणाऱ्या ताई येत असतील, कोणी टपरी लावत असेल, तर त्यांच्याशीही बोला. आमच्या कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादा आज बागेची किल्ली सांभाळतात.

परवानग्या कुठून? क्षेत्रीय कार्यालयातून सुरुवात करा. उद्यान विभाग बागेसाठी, मलनिस्सारण किंवा पर्जन्यजल वाहिनीचं काम बघणारा विभाग जोडणीसाठी, पथ विभाग रस्त्याचा कर्ब, म्हणजे कडेची उंच दगडी पट्टी, कापण्यासाठी, आणि मालमत्ता विभाग जागेचा ताबा किंवा देखभालीचा करार यासाठी. एकाच पत्रात सगळं मागू नका. प्रत्येकाला वेगळं पत्र, प्रत्येकावर आवक क्रमांकाचा शिक्का, आणि शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मोबाइलमध्ये.

झाडांबाबत कडक राहा. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नागरी भागात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. सुबाभूळ असली तरी अर्ज करा. आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी रविवारी कोयते आणले होते, त्यांना थांबवावं लागलं. एका बेकायदा तोडीवर अख्खं काम थांबू शकतं.

आचारसंहितेचे महिने वेळापत्रकात धरा. निवडणूक जाहीर झाली की नवी कामं मंजूर होत नाहीत. आमची फाइल त्यात दोनदा अडकली.

पैशांचं थोडक्यात. पुणे महापालिकेत नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात, त्याची मुदत पावसाळ्याच्या सुमारास असते, ती चुकवू नका. नगरसेवकांचा आणि आमदारांचा निधी हा दुसरा मार्ग. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, हवा असेल तर तो घ्यायला नोंदणीकृत संस्था लागते, प्राप्तिकराच्या १२-अ आणि ८०-जी आणि कंपनी खात्याची सीएसआर-१ या नोंदी असलेली. तुमची गृहनिर्माण सोसायटी तिथे चालत नाही. नवी संस्था काढण्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या संस्थेशी हातमिळवणी करा. घरटी वर्गणी थोडीच, पण प्रत्येक घरातून घ्या. ज्यानं शंभर रुपये दिले तो येता-जाता बागेकडे बघतो.

६. आराखडा: पाण्याची वाट आधी, माणसांची नंतर

बागा आखताना लोक आधी प्रवेशद्वार, मग जॉगिंग ट्रॅक, मग कारंजं काढतात. तुम्ही कागदावर आधी खडूच्या रेघांवरून पाण्याची वाट काढा. पाणी कुठून आत येणार, कुठे थांबणार, कुठून बाहेर पडणार. मग उरलेल्या जागेत माणसं.

आत येण्याचं तोंड. रस्त्याच्या कर्बला दीड फूट रुंद खाच, आणि खाचेच्या आतली जमीन रस्त्यापेक्षा दोन-तीन इंच खाली. हे दोन-तीन इंच विसरू नका. तोंडाशी गाळ आणि गवत साचतं, आणि जमीन सपाटीला असेल तर महिन्याभरात त्याचाच बांध होऊन पाणी पुन्हा रस्त्यानं खाली जातं. तोंडाच्या आत लगेच गाळाची टाकी: तीन फूट लांब-रुंद, उघडी, दगडी तळाची, घमेल्यानं उपसता येईल अशी. त्याच्या पुढे डब्बर, म्हणजे ओबडधोबड मोठे दगड, पसरून ठेवा, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो.

सखल भाग. खोली एक फुटापेक्षा जास्त नको, लहान मुलं येणार आहेत. बाजूंचा उतार चारास एक, म्हणजे चार फूट चाललं की एक फूट खाली. इमारतीच्या पायापासून निदान तीन मीटर लांब.

बाहेर पडण्याची वाट. विटांचं चेंबर, वर जाळी, आणि चेंबरच्या काठाची उंची म्हणजे तुमच्या तळ्याची पातळी. ही उंची नजरेनं ठरवू नका. गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाणी भरा आणि आत येणाऱ्या तोंडाची, चेंबरच्या काठाची आणि सगळ्यात जवळच्या घराच्या जोत्याची पातळी एकाच दिवशी मोजा. चेंबर तोंडापेक्षा खाली हवं आणि जोतं या सगळ्यांच्या बरंच वर.

पायवाटा मुरमाच्या किंवा सांधे मोकळे ठेवलेल्या दगडी फरशीच्या करा. सिमेंटवर बसवलेले पेव्हर ब्लॉक नकोत. कंपाउंड भिंत पाण्याच्या वाटेवर आली तर खाली मोऱ्या ठेवा, नाहीतर जाळीचं कुंपण घाला. आणि रस्त्याचं पाणी थेट बोअरमध्ये सोडायचा सल्ला कोणी दिला तर ठाम नकार द्या. त्यात तेल असतं, टायरची धूळ असते. मातीतून गाळून मुरलं तर ठीक, बोअरच्या नळीतून सरळ भूजलात नको. गच्चीचं स्वच्छ पाणी, पहिला पाऊस वगळून आणि गाळणीतून, बोअरला देता येतं.

७. खोदकाम: फेब्रुवारी ते मे

मातीचं काम कोरड्या दिवसांतच. हाताशी हवं: कुदळ, टिकाव, पहार, फावडी, घमेली, पन्नास मीटरचा टेप, सुतळी, खुंट्या, आखणीसाठी फक्की, लेव्हलची नळी, जाड हातमोजे आणि मास्क. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालूनच. अंगावर पुरळ उठतं, दमा असलेल्यांनी त्या दिवशी येऊच नये.

राडारोडा आणि खोल खणण्यासाठी जेसीबी लागतो. पण सखल भागाच्या तळावर त्याला चढू देऊ नका. आमच्याकडे ठेकेदारानं एका दुपारी आम्ही जेवायला गेलो असताना जेसीबी तळावर फिरवून तो "छान सपाट" करून ठेवला. जी माती तासाला इंचभर पाणी घेत होती, ती पुढच्या चाचणीत जेमतेम तीन-चार मिलिमीटर घेऊ लागली. दोन आठवडे टिकावानं फूटभर जमीन मोकळी केली, शेणखत मिसळलं, तेव्हा कुठे ती पूर्ववत झाली. जेसीबी काठावर उभा राहून हात लांब करून खणू शकतो. तसं वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि खोदकाम चालू असेल तेव्हा कोणीतरी कायम हजर राहा. डबे तिथेच मागवा.

भरायचे थर, खालून वर: खोदलेला तळ टिकावानं मोकळा, त्यावर ज्या भागात चर आहे तिथे ४० मिलिमीटरची धुतलेली खडी, तिच्यावर बारीक खडीचा चार इंचांचा थर, आणि सगळ्यात वर दीड फूट मिश्र माती. मिश्रण साधारण निम्मी धुतलेली क्रश सँड, उरलेल्यात गाळाची माती आणि कंपोस्ट. खडी धुतलेलीच घ्या. कच म्हणजे दगडाची बारीक भुकटी असलेली खडी स्वस्त मिळते आणि सगळी पोकळी बुजवून टाकते.

८. झाडं मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर

तळातल्या झाडांना काही तास पाण्यात आणि पुढचे सात-आठ महिने कोरड्यात राहायचं आहे. दोन्ही सोसणारी झाडं थोडी. आमच्या अनुभवात वाळा सगळ्यात खात्रीचा, मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. लव्हाळा आपोआप येतो, कर्दळ सोसते. काठाच्या उतारावर निर्गुडी, अडुळसा. मोठ्या झाडांत सखल भागाच्या कडेला अर्जुन, जांभूळ, करंज, ताम्हण. उंच कोरड्या बाजूला बहावा, पळस, कडुनिंब. उंबर आपण लावला नाही तरी पक्षी लावतात, फक्त तो भिंतीपासून आणि ड्रेनेजपासून लांब असू द्या.

हिरवळीचा हट्ट धरू नका. लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, आणि ज्या बागेनं पाणी द्यायचं तीच टँकर मागू लागते. पहिले दोन उन्हाळे रोपांना पाणी घालावं लागेल, ते धरून चाला. वरून पालापाचोळ्याचं आच्छादन टाका. लाकडाची ढलपी तळात टाकू नका, ती तरंगून चेंबरच्या जाळीवर जाऊन बसते.

९. पहिला पावसाळा, दुसरा पावसाळा

बाग झाल्यावर पहिला मोठा पाऊस आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आम्ही सगळे बॅटऱ्या घेऊन खाली. पाणी खाचेतून वळलं, गाळाच्या टाकीत घुसळलं, डब्बरावरून पांढरं होऊन उतरलं आणि वाळ्याच्या पात्यांमधून पसरत गेलं. खालच्या गल्लीतल्या आजी पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, पायरी कोरडी होती. सकाळी सहाला तळ्यात फक्त ओलसर चिखल होता.

डासांचं उत्तर याच सकाळीत आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी दोन दिवसांत गेलं तर अळीला वेळच मिळत नाही. दोन दिवसांनंतरही कुठे डबकं दिसलं तर तो खड्डा त्याच आठवड्यात भरून काढा. बागेपेक्षा चेंबरच्या तळात आणि फेकलेल्या कपांत डास जास्त होतात, तिकडे आधी बघा.

देखभालीची कामं वहीत लिहून भिंतीवर लावा:

- मेअखेर: गाळाची टाकी उपसणं, कर्बची खाच आणि जाळी साफ, चेंबर उघडून आतली वाट मोकळी
- जून ते सप्टेंबर: प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाळीवरचा पाचोळा काढणं, महिन्यातून एकदा टाकी उपसणं
- ऑक्टोबर: वाळ्याची छाटणी, गाजरगवत आणि सुबाभळीची रोपं मुळापासून उपटणं, उतार खचला असेल तिथे दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून घेणं
- जानेवारी: मेलेल्या रोपांची मोजणी, खड्ड्याची चाचणी पुन्हा एकदा

ही वही दोघांकडे द्या, एकाकडे नको. आमच्याकडे ज्या दादांकडे सगळं होतं त्यांची बदली झाली, आणि त्या जूनमध्ये टाकी कोणीच उपसली नाही. पहिल्याच सरीला पाणी खाचेवरून उडी मारून जुन्या वाटेनं खाली गेलं. उपसायला दोन माणसं आणि अर्धा तास लागला, बावीस घमेली गाळ निघाला.

दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा खडू घेऊन बाहेर पडा आणि जुन्या रेघांशेजारी नव्या मारा. आमच्या दोन रेघा गेल्या, एक तशीच राहिली. वरच्या वळणावर अजून एक खाच लागणार आहे. पथ विभागाला त्याचं पत्र गेल्या आठवड्यात दिलं, आवक क्रमांक घेतला आहे.